एका नळाला बांधलेली गावे



तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शेतकीची पदवी घेऊन मी नुकताच नोकरीला लागलो होतो. पूर्णाकाठच्या एका गावात चोपण जमिनीला जिप्सम कसे द्यावे, हे सांगायला गेलो होतो. सभा संपल्यावर एका आजीबाईंनी घरी बोलावले आणि चुलीवर चहा ठेवला. दूध घालताच चहा फाटला. त्यांनी तो ओतून दिला, दुसरा ठेवला. तोही फाटला. आजीबाई खाली मान घालून म्हणाल्या, "काय सांगू साहेब, आमच्या गावच्या पान्याचा च्या असाच फाटते. पाहुना आला का मले लाज वाटते."

मग त्यांनी आतल्या खोलीतून झाकून ठेवलेला तांब्या आणला. ते पाणी गोड होते. मी घटाघटा प्यालो. त्यांची सून दीड कोसावरून डोक्यावर हंडा आणते आणि त्यातला एक तांब्या पाहुण्यासाठी राखून ठेवलेला असतो, हे मला परत निघताना कळले. तो घोट आजही माझ्या घशात अडकलेला आहे.

आज त्याच गावाच्या दारोदार नळ आहे. एका गावाने एकट्याने कधीच जे केले नसते, ते अनेक गावांनी मिळून केले म्हणून तो नळ आला. गाव करी ते राव न करी, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण जे एका गावालाही जमत नाही, ते दहा गावे मिळून कसे करतात, आणि केलेले का बिघडते, याचा विचार आज आपण करू.

पायाखाली पाणी, पण तोंडाला नाही

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. वरून पाहिले तर जमीन काळी, कसदार, कापूस-तुरीची. पण विहीर खणली तर पाणी खारे. नदीने हजारो वर्षांत आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर इथे साचले आहेत. त्यांतून पाण्याचा निचरा होत नाही आणि क्षार तिथेच राहतात. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ते पिकाला दिले तर जमीन चिकट होते, वाळल्यावर दगडासारखी कडक होते. मूत्रपिंडाच्या तक्रारीही या गावांतून फार ऐकू येतात.

अशा गावाने एकट्याने काय करावे? आणखी खोल बोअर घेतले तर तेच पाणी. टँकर लावावा तर तो उन्हाळ्यापुरता. गोडे पाणी आहे ते दूर सातपुड्याच्या पायथ्याशी. तेथून जलवाहिनी आणणे एका ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून येथे एकच उपाय उरला. धरण एक, शुद्धीकरण केंद्र एक, मोठी वाहिनी एक, आणि तिच्यावर पन्नास-शंभर गावे.

सातपुड्याच्या पायथ्याशी वारी भैरवगडजवळ वान नदीवर धरण आहे. त्याच्या पाण्यावर अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेड्यांची योजना चालते. त्याच धरणातून अकोट, तेल्हारा व शेगाव ही शहरे आणि शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद-संग्रामपूर भागातील १४० गावांची योजना पाणी घेते. इकडे महानच्या काटेपूर्णा धरणातून अकोला शहराला पाणी मिळते आणि खांबोरा योजनेची खेडीही त्याच धरणावर आहेत. शहर आणि खेडे, हा जिल्हा आणि तो जिल्हा, सारे एका पाण्याला बांधले गेले आहेत.

योजना चालते कशी?

आपल्या मळ्यातल्या ठिबकसारखीच ही रचना समजा. विहिरीच्या जागी धरण, फिल्टरच्या जागी शुद्धीकरण केंद्र, मुख्य नळीच्या जागी मोठी वाहिनी, उपनळ्यांच्या जागी प्रत्येक गावाला गेलेल्या फांद्या, आणि तोट्यांच्या जागी तुमच्या-माझ्या दारचे नळ. ठिबकमध्ये पहिल्या ओळीतल्या तोट्या मोठ्या केल्या तर शेवटच्या ओळीतली झाडे सुकतात. येथेही अगदी तेच होते.

शुद्ध केलेले पाणी आधी उंचावरच्या मोठ्या टाकीत चढवतात. तेथून ते उताराने गावोगावच्या जलकुंभांत उतरते. १० मीटर उंचीमागे वाहिनीत साधारण एक किलोचा दाब मिळतो. हा दाब सर्वांचा सामाईक आहे. वाटेत कोणी वाहिनी फोडून शेतात पाणी घेतले, तर तो नुसते पाणीच चोरत नाही, पुढच्या गावाचा दाबही चोरतो. म्हणून वरच्या गावात पाणी रस्त्यावरून वाहते आणि खालच्या गावात नळाला नुसती हवा येते.

एकत्र येण्याचा फायदा हिशेबाचा आहे. पाणी शुद्ध करणारा जाणकार माणूस, पाणी तपासणारी प्रयोगशाळा, पंप बिघडल्यास जोडायला दुसरा पंप, हे एका गावाला परवडत नाही. पन्नास गावांना परवडते. शिवाय टाकी दुप्पट पाण्याची बांधली तरी खर्च दुप्पट होत नाही. घरातला संयुक्त स्वयंपाक आणि दोन वेगळ्या चुली यांत जेवढा फरक, तेवढाच इथेही समजावा.

या कामासाठी राज्याने १९७६ च्या कायद्यानुसार पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ स्थापन केले. १९९७ मध्ये त्याचेच महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. त्याआधीच ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा पंचायतींचा विषय म्हणून नोंदला गेला होता. म्हणजे वाहिनी सरकारने टाकली तरी राखण आपली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

नळ असून पाणी का नाही?

काही वर्षांपूर्वी मी पुन्हा त्या आजीबाईंच्या गावी गेलो. आजीबाई आता नाहीत. सूनबाईंचे केस पांढरे झाले आहेत. दारात नळ होता, पण नळाखालचा हंडा कोरडा होता. "बारा दिवस झाले, भाऊ," त्या म्हणाल्या. "नळ आला तवा वाटलं सुटलो. आता नळाची वाट पाहतो."

मी चौकशी केली. गाव वाहिनीच्या शेवटच्या टोकाला. वरच्या गावचे लोक रात्री व्हॉल्व्ह फिरवून ठेवत. खालच्या गावची पोरे एका रात्री कुलूप तोडायला गेली आणि मारामारी झाली. दोन्ही गावांत सोयरिकी होत्या. त्या वर्षी एका गावच्या मुलीच्या लग्नाला दुसऱ्या गावचे मामा आले नाहीत. पाण्यापायी रक्ताचे नाते आटले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दोन्ही बाजू ऐकल्यावर खरे कारण बाहेर आले. विजेचे बिल थकल्याने पंप दिवसाचे थोडेच तास चालत होते, म्हणून पाणी मुळातच कमी येत होते. बिल का थकले? गावांनी पाणीपट्टी भरली नव्हती. पट्टी का भरली नाही? "पाणीच येत नाही तर पैसे कशाचे?" पैसे नाहीत म्हणून पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून पैसे नाहीत. हे जाते असेच फिरत राहते आणि त्यात शेवटचे गाव आधी भरडले जाते.

शेवटी दोन्ही सरपंच, पाणी सोडणारे दोघे गडी आणि महिला बचत गटाच्या चार बाया एका पारावर बसल्या. वार ठरले. व्हॉल्व्हच्या कुलपाच्या दोन किल्ल्या केल्या, एक या गावाला, एक त्या गावाला. दोन्ही असल्याशिवाय कुलूप उघडत नाही. पाणी किती तास आले, याची वही दोन्ही ग्रामपंचायतींत भिंतीला टांगली. त्यात काही मोठे तंत्र नव्हते. पण हिशेब उघडा झाला की संशय जातो, आणि संशय गेला की पट्टी भरायला माणूस तयार होतो. बारा दिवसांचे पाणी पुढे चार दिवसांवर आले. अजून ते रोज येत नाही, हेही खरेच सांगतो.

तोटी नसलेला नळ

एक साधा हिशेब घरी करून पाहा. बिनतोटीचा नळ मिनिटाला १० लिटर पाणी ओतत असेल आणि पाणी चार तास राहिले, तर २,४०० लिटर मोरीत जातात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोजचे ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका नळाने ४३ माणसांचे दिवसाचे पाणी सांडले. ती ४३ माणसे शेवटच्या गावातली असतात. ती आपल्याला दिसत नाहीत, एवढेच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या ५५ लिटरांत जनावर मोजलेले नाही. दुभत्या म्हशीला दिवसाला ६० ते ७० लिटर पाणी लागते, म्हणजे एका माणसाहून जास्त. गावात शंभर म्हशी असतील आणि त्या नळावर पोसल्या जात असतील, तर योजनेचा हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो. तेव्हा नवी योजना होताना गोठ्याचे आणि सामाईक हौदाचे पाणी वेगळे मागून घ्या. मागाहून रडण्यात अर्थ नाही.

शेताचे पाणी की पिण्याचे?

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. वानचे पाणी बाळापूर भागातील खाऱ्या पाण्याच्या गावांना द्यावे, अशी योजना निघाली तेव्हा तेल्हारा भागातील शेतकरी रस्त्यावर उतरले. धरणासाठी जमिनी आमच्या गेल्या, कालवे आमच्यासाठी काढले, आता पाणी दुसरीकडे जाणार काय, असा त्यांचा सवाल. योजनेला स्थगिती मिळाली. मग एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरच्या आमदारांनी खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पदयात्रा काढली. आम्ही हे पाणी किती दिवस प्यावे, असा त्यांचा सवाल. दोन्ही सवाल खरे आहेत. दोन्हीकडे शेतकरीच आहे.

अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी हे सांगणारा मी कोण? पण आकडे समोर ठेवून बोलावे, एवढे सांगू शकतो. समजा ८४ गावांत सरासरी १,५०० वस्ती आहे. माणशी ५५ लिटरप्रमाणे रोजचे सुमारे ६९ लाख लिटर, वर्षाचे अडीच दशलक्ष घनमीटर होतात. वान धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे शंभरातले तीन भाग. ऐकायला थोडे वाटते. पण तेवढ्याच पाण्यात १० सेंटीमीटरची एक पाळी २,५०० हेक्टरांना देता येते. हरभऱ्याला दोन पाळ्या धरल्या तर १,२५० हेक्टर भिजतात. ज्याचा हरभरा आहे, त्याला ते थोडे नाही. शिवाय हा एकाच योजनेचा हिशेब झाला. शहरे आणि इतर योजना वेगळ्याच.

आणि वाहिनीत तिसरा हिस्सा गळत असेल, तर अडीचऐवजी पावणेचार दशलक्ष घनमीटर सोडावे लागतात. म्हणजे गळती ही पिणाऱ्याची नासाडी आणि भिजवणाऱ्याचीही. पाणी मागणाऱ्या गावांनी आधी आपली गळती थांबवून दाखवावी, आणि कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी मोकाट पाणी सोडून सरी-वरंबा, तुषार, ठिबक धरावे. दोघांनी मिळून वाचवले तर दोघांना पुरण्याची आशा आहे. राज्याच्या धोरणात पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, २०११ पासून दुसरा शेतीचा आणि तिसरा उद्योगाचा आहे. पहिल्याने दुसऱ्याचे ऋण मानावे, ही मात्र कायद्याची नव्हे, मनाची गोष्ट आहे.

शहरांनाही एकत्र यावे लागले

हे खेड्यांपुरतेच आहे असे समजू नका. ठाण्याकडे उल्हास नदीचे पाणी शहाड येथे उचलून भिवंडीजवळच्या टेमघर येथे शुद्ध करतात. या योजनेचा कारभार पाहण्यासाठी ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मिरा-भाईंदर या तीन महानगरपालिका व ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून एक कंपनी आहे. तिला थोडक्यात 'स्टेम' म्हणतात. भिवंडी तालुक्यातील खेड्यांनाही तिचे पाणी मिळते. पाणी मोजून द्यायचे, मोजून पैसे घ्यायचे, आणि भागीदारांनी एका टेबलाशी बसून वाटा ठरवायचा, अशी ही रीत आहे. भिवंडी आणि भोवतालच्या वाढत्या वस्तीला या पाण्याचा आधार आहे. आपल्या सहकारी सोसायटीत शेअर असतो, तसा इथे पाण्यात शेअर आहे. आपल्या गावांच्या योजनांनी यातून मोजमापाचा धडा घ्यावा. मीटर नसेल तर वाटा नुसता तोंडी राहतो.

आलेले पाणी जाते कुठे?

पाणी आले की सांडपाणीही येते. घरात आलेल्या १०० लिटरांतले ८० लिटर मोरीतून बाहेर पडतात. दोन हजार वस्तीच्या गावात रोजचे ८८,००० लिटर. विहिरीवरून हंडा आणायचो तेव्हा ही अडचण नव्हती. आता ती नळाबरोबर दारात आली आहे, डास आणि चिखल घेऊन.

वरच्याने घाण सोडावी आणि खालच्याने ती प्यावी, हा अन्याय नदीकाठची गावे जुनी भोगत आहेत. अकोल्याची मोर्णा शहरातून पुढे जाऊन पूर्णेला मिळते. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर ती साफ करायला नदीत उतरले, ही अभिमानाची गोष्ट. पण नदी साफ राहायची तर सांडपाणी नदीत पडण्याआधी शुद्ध झाले पाहिजे, आणि त्याची खरी काळजी शहरापेक्षा खालच्या खेड्याला जास्त असते. तेव्हा शहर आणि खालची गावे यांनी एकत्र बसायला हवे.

नागपूरने एक चांगली वाट दाखवली आहे. शहराचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून ते कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना दिले जाते. जेवढे शुद्ध केलेले सांडपाणी वीजकेंद्र घेते, तेवढे धरणाचे गोडे पाणी वाचते. शहराला त्याचे पैसेही मिळतात.

आपल्या गावात एवढे मोठे यंत्र नको. मात्र शोषखड्ड्याबद्दल सावध करतो. मुरमाड जमिनीत शोषखड्डा उत्तम चालतो. आपल्या भारी काळ्या, चोपण जमिनीत तो लवकर भरतो आणि वर उतू जातो. इथे घराजवळच्या परसबागेत केळी, अळू लावून मोरीचे पाणी जिरवावे. उरलेले पाणी उघड्या गटारात न तुंबवता, लगतच्या दोन गावांनी शिवेवर मिळून तळे करून त्यात स्थिर होऊ द्यावे. संडासाचे पाणी मात्र त्यात येता कामा नये. त्या ८८,००० लिटरांतले निम्मे जरी तळ्यात पोचले, तरी दोन एकर हत्तीगवत त्यावर हिरवे राहते. कच्च्या खायच्या भाज्यांना ते पाणी कधीही देऊ नका, आणि दरवर्षी माती व पाणी तपासून घ्या, कारण साबणाचा सोडा शेवटी जमिनीतच उतरतो.

पाण्यामागून लक्ष्मी

गोडे पाणी नुसते तहान भागवत नाही. सुनेचे दोन तास वाचले की ती शिवणाला, बचत गटाच्या पापड-मसाल्याला, दोन म्हशींच्या धंद्याला वेळ देते. दूध संकलन केंद्राचे कॅन धुवायला स्वच्छ पाणी लागते. डाळ मिल, कोंबडीपालन, गावातली लहानशी खाणावळ, सारे पाण्याच्या भरवशावर उभे राहते. भरवसा हा शब्द महत्त्वाचा. बारा दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर कोणी धंदा काढत नाही, आणि मुलगी द्यायलाही लोक कचरतात.

येत्या ग्रामसभेत एवढे करा

१. आपल्या योजनेवर एकूण किती गावे आहेत आणि आपले गाव वाहिनीवर कितवे आहे, हे विचारून लिहून घ्या.

२. गावाच्या टाकीवर मीटर आहे काय, असल्यास चालतो काय, ते जाऊन पाहा.

३. विजेचे बिल आणि पाणीपट्टीची थकबाकी फळ्यावर लिहायला लावा. आपले नाव त्यात असेल तर आधी ते पुसा.

४. वरच्या आणि खालच्या गावाच्या दोन-दोन बायांना पाण्याच्या बैठकीला बोलवा. हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो, त्यांना खरे दुखणे माहीत असते.

५. प्रत्येक नळाला तोटी बसवा. आपल्या नळापासून सुरुवात करा.

६. सांडपाण्याचा ठराव पाण्याच्या ठरावाबरोबरच करा, मागाहून नको.

बंधूंनो, विहीर होती तेव्हा पाणी आपल्या मालकीचे होते. आज ते सामाईक आहे. बांधावरचा शेजारी आपण ओळखतो, पण वाहिनीवरचा शेजारी दहा कोसांवर असतो. त्याचे तोंड आपण कधी पाहिलेले नसते, आणि तरी त्याची तहान आपल्या तोटीत अडकलेली असते.

मागच्या उन्हाळ्यात सूनबाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी नळाच्या पाण्याचा चहा केला. फाटला नाही. त्या हसून म्हणाल्या, "आज सासू असती तर लाजली नसती, भाऊ." कपबशी खाली ठेवून त्या उठल्या आणि अंगणातला नळ घट्ट बंद करून आल्या. पाणी अजून येत होते. त्यांचा हंडा भरला होता, आणि खाली अजून दोन गावे होती.